आठ क्लॉक सायकलींत चार अँटेना: मायमो डिकोडरचं हार्डवेअर कसं बांधायचं

चार अँटेना पाठवतात, चार अँटेना ऐकतात, आणि हवेत सगळ्यांचा काला होतो. प्रत्येक रिसीव्हर अँटेनाला चारही सिग्नलांचं मिश्रण मिळतं आणि ते वेगळं करणं हे आपलं काम. अशा बहु-अँटेना पद्धतीला मायमो (मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट) म्हणतात. एकाच फ्रीक्वेन्सीवर असे अनेक प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांनी १९९२ मध्ये मागितलं, १९९४ मध्ये ते मिळालं. यातले कैलाथ जन्माने पुण्याचे, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५६ साली टेलिकॉमची पदवी घेऊन बाहेर पडलेले. त्यांची कल्पना आज जवळपास प्रत्येक राउटरमध्ये आहे. ती वेळेत आणि कमी सिलिकॉनमध्ये बसवायची कशी, एवढ्यापुरताच हा लेख.

डोळ्यासमोर एक ठरावीक केस ठेवतो: ८०२.११एन वायफाय, ४×४ अँटेना, ६४-क्वाम (प्रत्येक सिम्बॉल ६४ ठरलेल्या बिंदूंपैकी एक), ४० मेगाहर्ट्‌झ चॅनेल, आणि लक्ष्य एफपीजीए (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जुळवता येणारी चिप). तुमची केस वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण हिशोब करण्याची रीत हीच राहील. एक खुलासा आधीच करतो. काटेकोर बोलायचं तर मिश्रणातून प्रवाह वेगळे करणारं हे ‘डिटेक्टर’ आहे, बिटांतल्या चुका दुरुस्त करणारा डिकोडर त्याच्या पुढे येतो. पण स्फिअर डिकोडर हे नाव इतकं रुळलंय की सगळेच डिकोडर म्हणतात, मीही म्हणणार.

पायरी १: वेळेचं बजेट

आरटीएलची (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या कोडची) एक ओळ लिहिण्यापूर्वी कागदावर हा हिशोब मांडा. ४० मेगाहर्ट्‌झमध्ये डेटाचे १०८ सबकॅरिअर (समांतर छोट्या वाहिन्या) असतात. शॉर्ट गार्ड इंटरव्हल (दोन सिम्बॉलांमधलं छोटं अंतर) असेल तर ओएफडीएम सिम्बॉल, म्हणजे सगळ्या सबकॅरिअरवर एकदम जाणारा तुकडा, ३.६ मायक्रोसेकंदांचा. एका सबकॅरिअरवरचे चार अँटेनांचे सिम्बॉल मिळून एक व्हेक्टर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ३० व्हेक्टर, सेकंदाला ३ कोटी. प्रत्येक व्हेक्टरमध्ये चार प्रवाह, प्रवाहाला ६ बिट, एकूण २४ बिट. तीन कोटी गुणिले २४ म्हणजे ७२० मेगाबिट, त्याला कोड रेट ५/६ (सहा बिटांतले पाच खऱ्या डेटाचे, एक चूक-दुरुस्तीचा) लावला की ६००. ८०२.११एनचा कमाल वेग म्हणून सांगितला जाणारा ‘६०० एमबीपीएस’ हाच. हिशोब मानकाशी जुळला म्हणजे आपण रुळावर आहोत.

आता क्लॉक. मधल्या दर्जाच्या एफपीजीएवर २४० मेगाहर्ट्‌झ धरायला हरकत नाही. २४० भागिले ३० म्हणजे ८. एका व्हेक्टरमागे आठ क्लॉक सायकली. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यापुढे हजर करायचा आहे.

सर्वोत्तम उत्तर म्हणजे मॅक्झिमम लाइकलिहूड. पाठवलेला व्हेक्टर काय असू शकेल याच्या सगळ्या शक्यता चॅनेल मॅट्रिक्समधून (कुठला अँटेना कुणाला किती ऐकू येतो त्याच्या तक्त्यातून) काढायच्या आणि मिळालेल्या सिग्नलच्या सर्वांत जवळची निवडायची. १६-क्वामला शक्यता ६५,५३६. ६४-क्वामला १,६७,७७,२१६, आणि ते सेकंदाला तीन कोटी वेळा. सेकंदाला पाच कोटी कोटी अंतरं मोजायची. विषय संपला.

दुसऱ्या टोकाला झीरो फोर्सिंग आणि नॉइजचाही हिशोब धरणारी त्याचीच सुधारित रीत, एमएमएसई. मॅट्रिक्स उलटा करा, गुणा, जवळच्या बिंदूवर आणा. स्वस्त आणि मस्त, पण दोन अँटेनांचे चॅनेल एकमेकांसारखे झाले की नॉइज फुगतो आणि ४×४ मध्ये कामगिरी ढेपाळते. तरीही एमएमएसई आधी बांधाच. पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून पाहायचं आहे. बेस स्टेशनवर ६४ अँटेना आणि समोर ८ यूजर असतील तर बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबताही येतं, कारण तिथे यूजरांचे चॅनेल आपोआपच जवळपास काटकोनात येतात. असं असताना ट्री सर्च लावणं म्हणजे माशीला तोफ. जितके पाठवणारे तितकेच ऐकणारे असतील, तिथेच खरं घोडं पेंड खातं.

पायरी २: झाड आणि त्यावर चढण्याची रीत

चॅनेल मॅट्रिक्सचं क्यूआर विघटन केलं (‘क्यू’ आणि ‘आर’ अशा दोन मॅट्रिक्सांच्या गुणाकारात मांडलं) की ‘आर’ हा वरचा त्रिकोणी मॅट्रिक्स हातात येतो. शेवटच्या ओळीत एकच अज्ञात, त्याच्या वरच्या ओळीत दोन, असं वर वर जायचं. हेच झाड. प्रत्येक पातळीला एक सिम्बॉल निवडायचा, प्रत्येक फांदीला एक अंतर, मुळापासून पानापर्यंतची अंतरं मिळवली की त्या उमेदवाराचं एकूण अंतर.

चढण्याच्या रीती दोन. डेप्थ-फर्स्ट म्हणजे मूळ स्फिअर डिकोडर. याचं गणित पोस्ट आणि फिंके यांच्या ८०च्या दशकातल्या लॅटिस शोधातलं, आणि व्हितेर्बो-बुत्रोस यांनी १९९९ मध्ये ते फेडिंग (सिग्नल कमी-जास्त होणाऱ्या) चॅनेलवर बसवलं. थेट तळापर्यंत जायचं, एक उत्तर मिळवायचं, त्याच्या अंतराला त्रिज्या मानायची आणि त्याबाहेरच्या सगळ्या फांद्या छाटायच्या. उत्तर अचूक मॅक्झिमम लाइकलिहूडचं आणि सरासरी कष्ट थोडे. कागदावर याच्यासारखं दुसरं नाही.

हार्डवेअरमध्ये मात्र ‘सरासरी’ हा शब्द दिसला की सावध व्हा. चॅनेल चांगला असेल तर डेप्थ-फर्स्ट दहा-बारा पावलांत संपतो, वाईट असेल तर शेकडो पावलं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने २००५ मध्ये ४×४, १६-क्वामच्या दोन चिप दाखवल्या. त्यातली एक सेकंदाला ७३ मेगाबिट आणि दुसरी १६९ मेगाबिट वेगाची. आकडे त्या काळासाठी जबरदस्त होते, पण होते सरासरी. वायफायमध्ये पॅकेट संपल्यावर १६ मायक्रोसेकंदांत पोचपावती पाठवायची असते, आणि ती घड्याळाकडे बघून पाठवायची, सरासरीकडे नाही. मग पुढे बफर लावा, कमाल पावलांची मर्यादा घाला, मर्यादा गाठल्यावर आहे ते उत्तर उचला. हे सगळं केलं की अचूकतेचा बडेजाव उतरतो आणि कंट्रोल लॉजिकचं जंगल मात्र उरतं.

म्हणून माझी पसंती के-बेस्टला. प्रत्येक पातळीवर सर्वांत चांगले ‘के’ उमेदवार ठेवायचे, बाकीचे सोडायचे आणि खाली जायचं. मागे वळून पाहणं नाही. डेप्थ-फर्स्टपेक्षा एकूण काम बहुधा जास्तच होतं. पण प्रत्येक व्हेक्टरला काम अगदी तेवढंच होतं, डेटा एकाच दिशेने वाहतो आणि पाइपलाइन सरळ पडते. वेळेची खात्री मिळत असेल तर थोडी जास्त बेरीज-वजाबाकी मी डोळे झाकून देतो.

पायरी ३: कॉम्प्लेक्स झाड की रिअल झाड

६४-क्वाम कॉम्प्लेक्स ठेवलं तर चार पातळ्या आणि प्रत्येक नोडला ६४ मुलं. रिअल आणि इमॅजिनरी भाग सुटे केले तर आठ पातळ्या आणि प्रत्येक नोडला आठच मुलं: −७, −५, −३, −१, १, ३, ५, ७. रिअल घ्या. चौसष्टांतून जवळचे क्रमाने शोधणं कटकटीचं असतं, आठांतून शोधणं पोरखेळ.

एक बारकावा पुस्तकांत पटकन सापडत नाही. भाग सुटे करताना आधी सगळे रिअल आणि मग सगळे इमॅजिनरी अशी मांडणी करू नका. प्रत्येक अँटेनाचे रिअल-इमॅजिनरी शेजारी-शेजारी बसवा. मग ‘आर’मध्ये त्या जोडीमधली नोंद शून्य येते, म्हणजे जोडीतल्या दोन पातळ्या एकमेकींवर अवलंबून राहत नाहीत. शिवाय कॉम्प्लेक्स क्यूआर एकदाच करून रिअल ‘आर’ नुसत्या नोंदी फिरवून मिळतो. ८×८ चं वेगळं विघटन करण्याची गरजच नाही.

‘के’ किती? मी ८ घेतो आणि कारण उघड आहे. आठ सायकली, आठ मुलं, आठ उमेदवार. पहिल्या पातळीवर मुळाला आठच मुलं असल्याने सगळीच पुढे जातात, सॉर्टर लागतच नाही. सिम्युलेशनमध्ये ८ ला नुकसान जास्त दिसलं तर १० करा, पण मग क्लॉक ३०० मेगाहर्ट्‌झवर न्यावा लागेल किंवा दोन कोर लावावे लागतील. त्याआधी पायरी ४ मधली क्रमवारी लावून पाहा. पुष्कळदा ‘के’ वाढवून जे मिळतं ते क्रमवारीतून फुकटात मिळतं.

पायरी ४: क्यूआर, म्हणजे सगळे विसरतात तो भाग

शोधनिबंध वाचताना वाटतं की ‘आर’ आकाशातून पडतो. प्रत्यक्षात क्यूआरचा ब्लॉक झाडाच्या ब्लॉकएवढी, कधी त्याहून जास्त जागा खातो. दिलासा एवढाच की तो पॅकेटमागे एकदाच चालतो, कारण चॅनेल पॅकेटच्या सुरुवातीच्या ट्रेनिंग (आधीच माहीत असलेल्या) सिम्बॉलांवरून मोजला जातो आणि पुढे तोच वापरला जातो.

पण नीट पाहा. चार प्रवाहांसाठी चार ट्रेनिंग सिम्बॉल येतात आणि चौथा संपल्याशिवाय चॅनेल पूर्ण कळत नाही. त्यानंतर लगेच डेटा सुरू. क्यूआर होईपर्यंत तो डेटा बफरमध्ये थांबतो. आपला डिकोडर व्हेक्टरमागे आठ सायकली घेतो आणि शॉर्ट गार्डमध्ये डेटाही नेमका त्याच वेगाने येतो. म्हणजे सुरुवातीला पडलेला उशीर कधीच भरून निघत नाही, तो तसाच पॅकेटच्या शेवटापर्यंत येतो आणि त्या १६ मायक्रोसेकंदांतून कापला जातो. त्यातच चॅनेल डिकोडर, सीआरसी (चूक-तपासणी) आणि ट्रान्समीटर चालू करणं हेही बसवायचं असतं. क्यूआरने आठ घेतले तर अर्धं ताट आधीच रिकामं.

मी क्यूआरला चार मायक्रोसेकंद देतो. २४० मेगाहर्ट्‌झवर ९६० सायकली, १०८ सबकॅरिअर, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम नऊ. यावर जुनं आणि टिकाऊ उत्तर म्हणजे त्रिकोणी सिस्टोलिक ॲरे, जंटलमन आणि कुंग यांनी १९८१ मध्ये मांडलेला. मॅट्रिक्सच्या ओळी वरून एकेक सोडायच्या, प्रत्येक पेशी गिव्हन्स रोटेशन (दोन ओळी अशा फिरवणं की एक नोंद शून्य होईल) करते आणि आत ‘आर’ची एक नोंद सांभाळते. रोटेशनला कॉर्डिक, म्हणजे व्होल्डरने १९५९ मध्ये विमानाच्या नेव्हिगेशनसाठी काढलेली नुसत्या शिफ्ट-बेरजेची युक्ती. साधारण जितके टप्पे तितक्या बिटांची अचूकता.

एमएमएसई प्रकारचं क्यूआर करायचं तर चॅनेलच्या चार ओळींखाली नॉइजच्या प्रमाणात आणखी चार ओळी जोडायच्या. एकूण आठ ओळी गुणिले १०८ म्हणजे ८६४ सायकली, ३.६ मायक्रोसेकंद, वर पाइपलाइनचा थोडा उशीर. बसलं. आणि ते करावंच, कारण त्यामुळे ‘आर’च्या कर्णावरच्या नोंदी नॉइजच्या पातळीखाली जातच नाहीत. पायरी ६ मध्ये फिक्स्ड पॉइंटला (ठरावीक बिटांतल्या गणिताला) ही गोष्ट वरदान ठरते. किंमत एवढीच की अंतरात एक जादा पद घुसतं आणि कॉन्स्टेलेशनच्या (६४ बिंदूंच्या जाळीच्या) कोपऱ्यातल्या बिंदूंवर थोडा अन्याय होतो. शेवटी सॉफ्ट मूल्यं (पायरी ७) काढताना सिम्बॉलच्या वर्गाच्या प्रमाणात ते वजा करून टाका.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे पेशीतली नोंद अद्ययावत झाल्याशिवाय त्याच मॅट्रिक्सची पुढची ओळ आत घेता येत नाही, आणि कॉर्डिकच्या पाइपलाइनला १५-२० सायकली लागतात. एकाच सबकॅरिअरच्या ओळी पाठोपाठ सोडल्या तर ॲरे बहुतेक वेळ रिकामा बसतो. म्हणून सबकॅरिअर मिसळून सोडा: आधी चोवीस सबकॅरिअरच्या पहिल्या ओळी, मग त्यांच्याच दुसऱ्या, पत्त्यांचे गट पिसल्यासारखं. पेशीत एका रजिस्टरऐवजी चोवीस खणांची छोटी मेमरी येईल, येऊ द्या. दुसरं ठिकाण कॉर्डिकचा गेन. प्रत्येक रोटेशन व्हेक्टर १.६४६८ पटीने लांब करतं. वेगवेगळ्या ओळी वेगवेगळ्या वेळा फिरत असल्याने गेन दुरुस्त केला नाही तर ओळीओळीला वेगळं वजन मिळतं आणि अंतरांची तुलनाच खोटी ठरते. रोटेशननंतर लगेच ०.६०७३ ने गुणा, तेही शिफ्ट-बेरजेने होतं.

क्रमवारीबद्दल. सर्वांत दणकट प्रवाह आधी सोडवला तर सुरुवातीच्या पातळीवर चुकीचे उमेदवार कमी शिरतात. खरी सॉर्टेड क्यूआर प्रत्येक टप्प्यावर स्तंभ निवडते, पण ते सिस्टोलिक ॲरेच्या स्वभावात बसत नाही. मी आधीच चारही स्तंभांची ऊर्जा मोजून चढत्या क्रमाने लावतो. सर्वांत मोठा शेवटी येतो, आणि झाड शेवटून सुरू होतं. अचूक नाही, पण बहुतेक फायदा पदरात पडतो.

मेमरी फार लागत नाही. प्रत्येक सबकॅरिअरला ‘आर’च्या १६ आणि ‘क्यू’च्या ३२ रिअल नोंदी, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे ७६८ बिट. १०८ सबकॅरिअरना ८२,९४४. क्षमतेच्या हिशोबाने ३६ किलोबिटच्या तीन ब्लॉक रॅम (एफपीजीएतल्या तयार मेमरी) पुरतात. रुंदी मात्र तपासा: आठ सायकलींत ७६८ बिट वाचायचे म्हणजे सायकलीला ९६. मिळालेल्या व्हेक्टरला ‘क्यू’ने गुणायला ६४ रिअल गुणाकार, आठ सायकलींत वाटले की आठ मल्टिप्लायर.

पायरी ५: झाडाची एक पातळी, अगदी जवळून

साधा के-बेस्ट म्हणतो की आठ पालकांची प्रत्येकी आठ मुलं काढा, चौसष्ट लावा, आठ उचला. चौसष्टांचा सॉर्टर आठ सायकलींत म्हणजे जागेची उधळपट्टी, आणि त्यातली छप्पन्न मुलं फेकण्यासाठीच जन्माला घातलेली.

त्याऐवजी तिकीट खिडकीवरच्या आठ रांगा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक रांग एका पालकाची आणि रांगेत मुलं अंतराच्या चढत्या क्रमाने उभी. सर्वांत लहान अंतर कुणाचं हे ठरवायला प्रत्येक रांगेतला पहिलाच पाहायचा. जो निवडला गेला त्याच्या मागचा पुढे सरकतो. आठ वेळा असं केलं की आठ विजेते मिळतात, तेही क्रमाने. एकूण मुलं काढावी लागतात जास्तीत जास्त पंधरा: आठ पहिली आणि सात बदली. चौसष्टांऐवजी पंधरा.

रांग आपोआप क्रमात कशी राहते? श्नोर आणि ऑयख्नर यांच्या नागमोडी गणनेमुळे. समजा मागच्या पातळ्यांचा हस्तक्षेप वजा करून या पातळीवर केंद्र २.३ आलं. सर्वांत जवळचा विषम बिंदू ३, अंतर ०.७. केंद्र ३ च्या डावीकडे असल्याने पुढचा १, अंतर १.३. मग ५, मग −१, मग ७, मग −३. पावलं −२, +४, −६, +८, −१०. दरवेळी चिन्ह उलटं आणि पाऊल दोनाने मोठं. यात सॉर्टर कुठेच नाही, एक बेरीज आणि दिशेचा एक बिट पुरतो. ७ च्या पुढे जागा संपली की नागमोड थांबवायची आणि उरलेल्या बाजूला सरळ जायचं: −५, −७.

ही कडेची अट मी एकदा चुकवली आहे. सिम्बॉल तीन बिटांच्या अंकात साठवत होतो, ० म्हणजे −७ आणि ७ म्हणजे ७. केंद्र ६.४ असेल तर क्रम ७, ५ आणि मग नागमोड ९ कडे जाते. अंतराचं गणित रुंद रजिस्टरमध्ये होतं, तिथे ९ चं अंतर २.६ बरोबर निघत होतं. साठवताना मात्र आठवा अंक तीन बिटांत गुंडाळून शून्य झाला, म्हणजे −७. यादीत ‘−७, अंतर फक्त २.६’ असा तोतया शिरला. गंमत म्हणजे हार्ड डिसिजनच्या (फक्त पहिला उमेदवार पाहणाऱ्या) सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या, कारण तोतया कधीच पहिला येत नव्हता. पण ग्रे कोडमध्ये (शेजारच्या बिंदूंत एकाच बिटाचा फरक ठेवणाऱ्या मांडणीत) ७ आणि −७ यांच्यात फरक फक्त चिन्हाच्या बिटाचा. केंद्र ६.४ असताना ज्या बिटाबद्दल तिळमात्र शंका नसावी त्याचाच विश्वास तोतयाने घालवला, आणि कोडेड पॅकेट एरर रेट उगाचच खराब दिसू लागला. दोन आठवडे मी चॅनेल डिकोडरला शिव्या घातल्या.

पुढचा मुद्दा क्रिटिकल पाथचा, म्हणजे एका सायकलीत बसवायच्या सर्वांत लांब वाटेचा. सर्वांत लहान शोधा, विजेत्याच्या मागचं मूल काढा, त्याचं अंतर मोजा आणि पुन्हा स्पर्धेत घाला, हे सगळं एका सायकलीत म्हणजे ४.१७ नॅनोसेकंदांत बसवायला गेलात तर टायमिंग टूल लाल रंग उधळेल. दोन गोष्टी करा. आठ उमेदवारांची यादी कायम क्रमात ठेवा आणि नवा आला की आठही जणांशी एकाच वेळी तुलना करून योग्य जागी घुसवा. मग सर्वांत लहान हा नेहमी यादीच्या तोंडाशीच असतो, शोधावा लागत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक पालकाचं पुढचं मूल आधीच काढून बाजूला ठेवा. विजेता निघाला की बदली तयार, आणि तिच्या मागच्याचं गणित करायला पुढची अख्खी सायकल मोकळी. एकच पालक लागोपाठ दोनदा जिंकला तरी गाडी अडत नाही.

केंद्र काढताना ‘आर’च्या कर्णावरच्या नोंदीने भागाकार करावासा वाटेल. करू नका. भागाकाराऐवजी मर्यादाच मोठ्या करा: संख्या ०, ±२आर, ±४आर, ±६आर यांच्याशी ताडून पाहा. सात कंपॅरेटर, बस्स. तसंच ‘आर’ला सिम्बॉलने गुणायला मल्टिप्लायर लागत नाही. सिम्बॉल विषम पूर्णांक आहेत, तेव्हा ३आर म्हणजे २आर अधिक आर, ५आर म्हणजे ४आर अधिक आर, ७आर म्हणजे ८आर वजा आर.

मागचा हस्तक्षेप कसा न्यायचा यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, प्रत्येक उमेदवारासोबत उरलेल्या सगळ्या ओळींची वजाबाकी केलेली मूल्यं घेऊन चला, म्हणजे बेरजा वाचतात. मी ते केलं आणि पस्तावलो. सुरुवातीच्या पातळीवर सात मूल्यं गुणिले १४ बिट म्हणजे प्रत्येक उमेदवारामागे ९८ बिटांचं ओझं, आणि ते मल्टिप्लेक्सरमधून प्रत्येक सायकलीला इकडून तिकडे. वीज आणि वायरिंग दोन्ही वाया. नुसता मार्ग न्या, जास्तीत जास्त २४ बिट, आणि बेरीज दर पातळीवर नव्याने करा. सिलिकॉनवर बेरीज स्वस्त आणि वाहतूक महाग.

अंतराचा वर्ग घ्यायचा की नुसती धन किंमत? चिपवर धन किंमत घेतली की मल्टिप्लायर वाचतात आणि नुकसान थोडं होतं. एफपीजीएवर मात्र डीएसपी ब्लॉक (तयार मल्टिप्लायर) असेही पडून असतात, आपल्या डिझाइनला वर्गासाठी पातळीमागे दोन, एकूण सोळाच्या आसपास पुरतात. तिथे कंजूषी कशाला!

प्रत्येक पातळी आठ सायकली उमेदवार घेते, वर गणिताच्या चारेक सायकली. आठ पातळ्यांना साधारण ९६ सायकली, म्हणजे ०.४ मायक्रोसेकंद. थ्रूपुट मात्र दर आठ सायकलींना एक व्हेक्टर, कारण प्रत्येक पातळी तेव्हा वेगळ्या सबकॅरिअरवर काम करत असते.

पायरी ६: बिटांची रुंदी

फ्लोटिंग पॉइंटच्या मॉडेलवर दहा-वीस हजार चॅनेल चालवा आणि प्रत्येक सिग्नलचा हिस्टोग्राम काढा. सर्वांत मोठी किंमत पाहून रुंदी ठरवू नका. क्वचित येणाऱ्या मोठ्या किमती सॅच्युरेट होऊ द्या, म्हणजे कमाल किमतीवर अडू द्या, त्या उमेदवारांचं अंतर मोठंच असतं आणि ते मरणारच असतात. सॅच्युरेट, गुंडाळणं नाही. अंतराचं रजिस्टर गुंडाळलं की सर्वांत वाईट उमेदवार सर्वांत चांगला बनून यादीच्या डोक्यावर बसतो. माझी सुरुवात ‘आर’ आणि फिरवलेल्या व्हेक्टरला १४ ते १६ बिट आणि अंतराला चिन्हाशिवाय १६ अशी असते. मग एकेक बिट कमी करत कोडेड पॅकेट एरर रेट हलेपर्यंत जायचं. एका वेळी एकच सिग्नल बदला, नाहीतर पाणी कुठे मुरतंय ते कळणार नाही.

पायरी ७: सॉफ्ट मूल्यं

चॅनेल डिकोडरला ‘हा बिट १’ एवढं पुरत नाही, किती खात्रीने १ ते हवं. त्यासाठी बिट ० असलेल्या सर्वांत जवळच्या उमेदवाराचं अंतर आणि बिट १ असलेल्याचं अंतर यांतला फरक घ्यायचा आणि नॉइजच्या प्रमाणात मोजायचा. शेवटच्या यादीत मात्र आठच उमेदवार आणि बिट चोवीस. अनेकदा आठही जणांचा एखादा बिट सारखाच असतो. मग विरुद्ध बाजूचं अंतर आणायचं कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

अशा बिटांना एक ठरावीक कमाल खात्री द्यायची, आणि ती किती यावर सगळा खेळ आहे. फार मोठी ठेवली तर यादीतून अपघाताने निसटलेल्या बिटांबद्दलही डिकोडर ठाम होतो आणि चूक दुरुस्त करता येत नाही. फार लहान ठेवली तर खऱ्या खात्रीची माहिती फुकट जाते. कागदावर हा आकडा काढायचा प्रयत्न सोडा. चार-पाच किमती घेऊन प्रत्येकीला पॅकेट एरर रेट काढा आणि तळ सापडला की थांबा. शेवटच्या पातळीवर आठच विजेते न घेता आठही पालकांची पहिली दोन-दोन मुलं हिशोबात धरली तर यादी सोळाची होते आणि खर्च जवळपास शून्य, कारण ती मुलं आपण आधीच काढून ठेवली आहेत.

पायरी ८: खात्री करून घेणं

प्रत्येक बिट हार्डवेअरसारखाच चालणारं एक मॉडेल सी किंवा पायथनमध्ये लिहा आणि आरटीएल त्याच्याशी बिटागणिक जुळवा, ‘साधारण जुळतंय’ चालत नाही. मॉडेलचं गणित मात्र वेगळ्या मार्गाने तपासा: २×२, १६-क्वामला २५६ शक्यता, तिथे सगळ्या मोजून खरं उत्तर काढता येतं. ‘के’ पुरेसा मोठा ठेवला की दोन्ही उत्तरं तंतोतंत एकच आली पाहिजेत.

चॅनेल आधी युनिट मॅट्रिक्स द्या, मग तोच मॅट्रिक्स स्तंभ अदलाबदल करून. क्रमवारी लावल्यावर प्रवाह परत मूळ जागी आणायला विसरण्याची चूक इथे पहिल्या मिनिटात पकडली जाते. मग दोन स्तंभ जवळजवळ सारखे असलेला चॅनेल, मग एक स्तंभ पूर्ण शून्य. मग मुद्दाम फक्त कोपऱ्यातले सिम्बॉल पाठवा, का ते वर सांगितलंच. शेवटी ४,०९६ बाइटच्या पॅकेटवर दहा टक्के एरर कुठल्या एसएनआरला (सिग्नल आणि नॉइजच्या प्रमाणाला) येतो ते पाहा. वायफायच्या मानकात रिसीव्हरची संवेदनशीलता याच मापाने मोजतात, तेव्हा तुमची तुलनाही त्याच मापाने व्हावी.

हे सगळं सिम्युलेटरवर चालवलं तर एका आलेखाला रात्र पुरत नाही. नॉइज जनरेटर आणि चॅनेल एफपीजीएच्या आतच बसवा, चुकीची पॅकेट मोजणारा काउंटर लावा आणि फक्त आकडे बाहेर वाचा. त्या नॉइज जनरेटरचं बीज दर पॅकेटला वेगळं पडतंय ना, तेवढं मात्र आधी पाहून घ्या. आमच्याकडे एकदा ते दर रिसेटला तेच पडत होतं, आणि दिवसभर चाललेल्या चाचणीत प्रत्यक्षात एकच पॅकेट लाखो वेळा तपासलं गेलं होतं.